रस्त्यावरचा सलाम



पावसाळा सुरू झाला की रविवारी भंडारदऱ्याच्या रस्त्याला मोटारसायकलींची रीघ लागते. पुण्याची, मुंबईची, नाशिकची तरुण मुले बुलेट घेऊन अकोले तालुक्यात येतात. समोरून तशीच दुसरी गाडी आली की ती एकमेकांना हात करतात. ओळख ना पाळख, तरी सलाम होतो.

ही रीत परदेशातून आली. अमेरिकेत १९०३ साली हार्ले-डेव्हिडसन कंपनी निघाली. तिच्या दोघा संस्थापकांना रस्त्यात एकमेकांना हात करताना कोणी पाहिले आणि तेव्हापासून ही प्रथा पडली, अशी एक आख्यायिका सांगतात. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे समोरून येणाऱ्याच्या बाजूला डावा हात असतो आणि तो मोकळा असतो. आपल्याकडे समोरचा उजवीकडून येतो आणि उजव्या हाताने तर गाडीचा वेग सांभाळायचा असतो. म्हणून आपली मुले डावा हात वर करतात किंवा नुसती मान हलवतात.

रीत परदेशी असली तरी तिच्यामागची भावना आपल्याला परकी नाही. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली. त्याच मार्गावर आजही समोरून दुसरी एस.टी. आली की ड्रायव्हरचा हात आपोआप वर जातो. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. दोघेही एकमेकांना माउली म्हणतात, लहान कोण आणि थोर कोण हे पाहत नाहीत. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पायी जाणाऱ्या आपल्या लोकांना वाटेत दुसरे यात्रेकरू भेटतात, तेव्हा अनोळखी माणसालाही सलाम घातला जातो.

मग प्रश्न असा की, या सलामाचा अर्थ काय? तो केवळ शिष्टाचार आहे की त्याहून अधिक काही? आणि तो कोणाकोणाला करायचा?

संत थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) यांनी आपल्या मोठ्या ग्रंथात या प्रश्नाचा विचार केला आहे, हे वाचून सेमिनरीत असताना आम्हाला नवल वाटले होते. स्नेहाने वागणे हा त्यांच्या मते न्याय या सद्गुणाचाच एक भाग आहे. उसने घेतलेले पैसे जसे कायद्याने परत करावे लागतात तसे हे देणे नसते, त्यासाठी कोणी कोर्टात खेचत नाही. पण माणुसकीच्या नात्याने ते देणे लागतेच. प्रत्येक माणूस स्वभावतःच दुसऱ्या माणसाचा एका अर्थाने मित्र आहे, असे ते म्हणतात. म्हणजे अनोळखी माणसाला केलेला सलाम हे खोटे नाटक नव्हे. जे नाते देवाने आधीच जोडले आहे, ते आपण हात उचलून मान्य करतो.

परंतु येथेच एक अडचण येते. बुलेटवाला बुलेटवाल्याला हात करतो. त्याच रस्त्याने जुन्या मोपेडला दुधाचे कॅन बांधून जाणारा गवळी त्याला दिसतो का? संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशूने नेमके हेच विचारले आहे. फक्त आपल्याच भावांना सलाम केला तर त्यात विशेष ते काय, तेवढे तर इतर लोकही करतात, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. हा प्रश्न केवळ बुलेटवाल्या मुलांना नाही. मिस्सामध्ये शेजारच्याला शांतीचे अभिवादन करणारे आपण, चर्चच्या फाटकाबाहेर गाड्या काढताना कोणाकोणाकडे पाहतो आणि कोणाला पाहून मान फिरवतो, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

संत लूकच्या दहाव्या अध्यायात तर प्रभूने बाहत्तर शिष्यांना पाठविताना वाटेत कोणाला सलामच करू नका असे बजावले आहे. हे वाचून पुष्कळ जण गोंधळतात. त्या काळी त्या देशात सलाम म्हणजे नुसता हात वर करणे नव्हते. ख्यालीखुशाली विचारता विचारता बराच वेळ जात असे. जुन्या करारात अलीशा संदेष्टा आपल्या सेवकाला, गेहजीला, हीच आज्ञा करतो. कारण काय? शुनेमच्या बाईचा मुलगा मरून पडला होता आणि त्याच्यापर्यंत त्वरेने पोहोचायचे होते. म्हणजे एखादा जीव वाचवायचा असेल तर सलामही बाजूला ठेवावा. त्याच लूकच्या त्याच दहाव्या अध्यायात पुढे दयाळू शोमरोन्याचा दाखला येतो. त्याने जखमी माणसाला लांबून हात केला नाही. तो थांबला, जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवले आणि उतारशाळेत दोन दीनार मोजले.

त्या दाखल्यात न थांबता जाणारा पहिला माणूस याजक आहे. हे आम्ही विसरू शकत नाही. त्याचे कारण आज सांगतो.

उसाचा हंगाम होता. उपकेंद्रावर संध्याकाळी मिस्सा होता आणि आम्हाला निघायला उशीर झाला होता. नगर-मनमाड रस्त्यावर समोरून चार-पाच मोटारसायकलवाले आले, त्यांनी हात केला, आम्हीही केला. मनाला बरे वाटले. पुढे थोड्या अंतरावर रस्त्याच्या कडेला उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर अंधारात उभा होता. मागे ना दिवा, ना चमकणारी पट्टी. एक मोटारसायकल तिच्यावर आदळून पडली होती. तीन-चार माणसे जमली होती. आम्ही गाडी हळू केली. कोणीतरी १०८ ला फोन केला असेल, आपण थांबून काय करणार, लोक चर्चमध्ये खोळंबले असतील, असे मनाशी म्हटले आणि पुढे गेलो.

मिस्साला वेळेवर सुरुवात झाली. प्रारंभीच्या पापकबुलीत आपण केलेल्या पापांबरोबर करायच्या राहून गेलेल्या गोष्टीही कबूल करतो. त्या शब्दांपाशी आमची जीभ अडखळली. त्या माणसाचे पुढे काय झाले, हे आम्हाला आजही ठाऊक नाही.

लोक थांबत नाहीत ते दर वेळी निर्दयपणामुळे नव्हे. पोलिसांचे प्रश्न, कोर्टाच्या तारखा, दवाखान्याचे बिल गळ्यात पडेल, ही भीती असते. म्हणून हे सर्वांनी लक्षात ठेवावे: ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घातले गेले. सद्भावनेने मदत करताना काही चूक झाली तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. कायद्याने इंग्रजीत त्याला जे नाव दिले आहे, त्याचा अर्थ 'चांगला शोमरोनी' असाच आहे. देशाच्या कायद्याने प्रभूच्या दाखल्यातला शब्द घेतला. तो आपणच जगलो नाही तर कसे व्हायचे?

आपण ख्रिस्ती लोक भेटल्यावर 'सलाम' म्हणतो. हा शब्द आणि हिब्रू भाषेतला 'शालोम' एकाच कुळातले. दोन्हींचा अर्थ शांती. रस्त्यावर अनोळखी माणसाला हात करणे म्हणजे त्याला एक वचन देणे आहे: 'तू पडलास तर मी थांबेन.' हे वचन पाळायची तयारी नसेल तर उचललेला हात रिकामाच राहतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ३ ऑक्टोबर २०२० च्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकाचा एक पूर्ण अध्याय रस्त्यावर पडलेल्या त्या अनोळखी माणसासाठी लिहिला, तो उगाच नाही.

तेव्हा तरुणांनो, हात अवश्य करा. बुलेटवाल्याला करा, दूधवाल्याला करा, एस.टी.च्या ड्रायव्हरलाही करा. हेल्मेट घाला. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आहे त्यांनी मागे चमकणारी पट्टी लावल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नये. आणि कोणी पडलेला दिसला तर थांबा. मिस्साला उशीर झाला तरी चालेल. आमच्यामुळे झाला तर आपणही आमची वाट पाहावी, ही विनंती.

ख्रिस्तात आपला,
आपला धर्मगुरू