परवानगी आणि वहिवाट

मुळशी तालुक्यात ज्याची जमीन आहे, त्याला ‘वहिवाट’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. कोळवणच्या खोऱ्यात कोणाच्या बांधावरून कोणाची गाडी कधीपासून जाते, यावर पौडच्या तहसील कचेरीत पिढ्यान्‌पिढ्या अर्जफाटे होत आले आहेत. आणि अशा तंट्यात वाट किती वर्षे वापरली याहूनही महत्त्वाचा प्रश्न असतो तो हा, की वापरणाऱ्याने ती हक्क म्हणून वापरली की मालकाच्या परवानगीने. वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने केलेल्या वापरातून वाटेचा अधिकार उत्पन्न होतो. परवानगीने केलेला वापर मात्र कितीही वर्षे चालला तरी परवानगीच राहतो, आणि सामान्यतः देणाऱ्याने ती परत घेतली की संपतो. १८८२ च्या ईझमेंटच्या कायद्यातील हा भेद मला गेल्या वर्षी, जमिनीशी काडीचाही संबंध नसलेल्या एका प्रसंगी, फार तीव्रतेने आठवला.

माझ्या परिचयातील एक मुलगी हिंजवडीत नोकरी करते आणि पौडजवळ आईपाशी राहते. तिचा घटस्फोट होऊन वर्ष उलटले होते. तरीही तिने मैत्रिणीला मेलमध्ये लिहिलेली वाक्ये पूर्वीच्या नवऱ्याच्या बोलण्यातून, जणू सहज, तिच्या कानी परत येत. एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून तिने आपल्या गूगल खात्यातील ‘तुमची डिव्हाइस’ हे पान उघडले. तिच्या फोनखाली दुसरी ओळ होती: विंडोज, पुणे, भारत, वेळ पहाटेची. तिच्या घरी विंडोजचा संगणकच नाही. तिचे बोट ‘साइन आउट’वर जात असताना मी तिचा हात धरला आणि म्हटले, “थांब, बाई. आधी या पानाचा फोटो घे.” पुढे विचारणा झाली तेव्हा त्या गृहस्थांचे उत्तर तयार होते: “पासवर्ड तिनेच मला दिला होता.”

या उत्तराने पुष्कळ माणसे निरुत्तर होतात, आणि तेथेच मोठी चूक होते. संसाराच्या विश्वासात दिलेला पासवर्ड ही परवानगी होती, वहिवाट नव्हे. ज्या नात्याच्या आधारावर ती दिली गेली, ते नाते सरल्यावर तिचा आधार उरत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४३ चा सारा भार ‘परवानगीवाचून’ याच शब्दावर आहे: परवानगीवाचून प्रवेश करणे, मजकूर उतरवून घेणे, दुसऱ्याला प्रवेशासाठी साह्य करणे, या साऱ्यांबद्दल भरपाई मागता येते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा कलम ६६ क प्रमाणे स्वतंत्र अपराध आहे. हे गुन्हे दखलपात्र पण जामीनपात्र आहेत, याची जाणीव फिर्याद देणाऱ्याने ठेवावी, म्हणजे आरोपी दुसऱ्याच दिवशी घरी परतला तरी धीर सुटत नाही.

स्त्रीला आणखी एक आधार आहे. ती इंटरनेट आणि ई-मेल कशी वापरते यावर पाळत ठेवणे हा २०१३ पासून पाठलागाचा गुन्हा मानला जातो, आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पुरुषाला हे कलम उपलब्ध नाही. कलम ४३ मात्र कोणताही भेद करीत नाही. २०११ साली महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, जे या कायद्याखाली न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि पाच कोटींपर्यंतचे दावे चालवतात, असेच एक प्रकरण आले होते. नवरा आणि सासरे यांच्या मेलमध्ये सुनेने त्यांच्या परवानगीवाचून प्रवेश केला होता. तो प्रवेश अनधिकृत ठरला. परंतु मिळालेली माहिती तिने पोलीस आणि न्यायालय यांच्याखेरीज कोणाला दिली नव्हती, म्हणून भरपाई नाकारली गेली. हा निर्णय मला समतोल वाटतो. पती-पत्नींपैकी एकाने गुप्तपणे नोंदवलेली संभाषणे घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी सांगितले, तेव्हा ‘आता सर्व मुभा मिळाली’ असा बोभाटा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की पुरावा ग्राह्य असणे ही एक गोष्ट, आणि दुसऱ्याच्या खात्यात शिरणे निर्दोष असणे ही सर्वस्वी वेगळी.

तक्रार कोठे द्यावी, हा प्रश्न मुळशीत विशेष अवघड, कारण पौडचे ठाणे पुणे ग्रामीणच्या अखत्यारीत, तर त्याच तालुक्यातील हिंजवडी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात. हद्दीच्या सबबीवर कोणी परत पाठवू लागल्यास शून्य क्रमांकाने फिर्याद नोंदवण्याचा आग्रह धरावा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने तो मार्ग खुला ठेवला आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही.

खरी घाई आहे ती पुराव्याची. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना दखल घेण्याची मुदत तीन वर्षांची असली, तरी ‘सर्ट-इन’ या संगणक-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांवर नोंदी ठेवण्याचे बंधन १८० दिवसांचेच आहे, आणि गूगलच्या त्या पानावर जुनी उपकरणे दिसतात ती गेल्या २८ दिवसांतली. म्हणून आधी तारीख-वेळेसह प्रतिमा, सूचनेचे मूळ मेल आणि तो फोन, हे सारे जपावे. न्यायालयात साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागेल. पासवर्ड त्यानंतर, पण त्याच बैठकीत बदलावा.

त्या संध्याकाळी आम्ही तसेच केले. पासवर्ड बदलून झाल्यावर तिने खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला दूरध्वनी पाहिला. तो त्याचा होता, लग्नाच्या वर्षी तिनेच भरलेला. त्या पानाचाही फोटो घेऊन तिने तो काढून टाकला आणि आईचा घातला. जुना क्रमांक आता तिच्या फिर्यादीच्या चौथ्या परिच्छेदात आहे.