ओझ्याखाली पडलेले जनावर

शास्त्रपाठ : निर्गम २३:५



मागील पंधरवड्यात मुंबईच्या उपनगरात साकीनाका येथे एका ख्रिस्ती कुटुंबाकडे आमचा मुक्काम होता. तेथून एके सकाळी आम्ही मेट्रोगाडीने घाटकोपरास व पुढे आगगाडीने परळास गेलो. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आम्हांस पाहावयाचे होते. प्राण्यांवरील क्रौर्याचे निवारण करण्यासाठी १८७४ साली मुंबईत जी संस्था स्थापन झाली, तिचे हे रुग्णालय. पारशी गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने ते उभे राहिले, व त्याच्या शेजारीच १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले.

तेथे आम्ही एक घोडा पाहिला. पुढचे दोन्ही गुडघे सोललेले, पाठीवर साजाचे जुने व्रण. सेवकाने त्याच्या कपाळावरून फिरविण्यासाठी हात उचलला, तोच त्याने मान झटकन मागे घेतली. हात वर गेला की मार बसावयाचा, एवढेच त्यास माहीत होते. सेवक हात खाली घेऊन पुष्कळ वेळ तसाच उभा राहिला. मग त्या मुक्या प्राण्याने आपण होऊन नाकपुडी त्याच्या तळव्यास लावली.

हे पाहताना आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवली, व ती सांगावयास लाज वाटते. आम्ही लहान असता नाताळच्या मेळाव्यास आठजण एका टांग्यात बसून निघालो होतो. चढावर घोडा गुडघ्यांवर कोसळला. आम्ही खाली उतरलो खरे, पण कोणी एक गाठोडेही उचलले नाही. टांगेवाला चाबूक ओढीत होता आणि आम्ही रस्त्याच्या कडेला प्रभूच्या जन्माचे गीत गात होतो! वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तरी त्यास टाकून जाऊ नये, असे मोशेच्या नियमशास्त्रात सांगितले आहे. आमचा घोडा तर वैऱ्याचा नव्हता, आणि त्याच्यावरचे ओझे आमचेच होते.

१८२४ साली लंडन येथे प्राणिदयेची पहिली संस्था काढण्यात आर्थर ब्रूम नावाचे एक पाळक पुढे होते. पुढे त्या संस्थेच्या कर्जापायी त्यांस कैदेत जावे लागले. आम्ही पाळक व उपदेशक वेदीवरून पुष्कळ विषय बोलतो. बैलाच्या खांद्याविषयी कितीदा बोललो असू?

मुंबईतील शोभेच्या घोडागाड्या बेकायदेशीर असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने ८ जून २०१५ रोजी दिला व त्या बंद करण्यास एक वर्षाची मुदत दिली. घोड्यांबरोबर गाडीवानांच्याही पुनर्वसनाचा विचार सरकारने करावा, असेही सांगितले. हे आम्हांस फार योग्य वाटते. ज्याच्या हाती चाबूक असतो त्याच्याही घरी चूल पेटावयाची असते. बलामाने आपल्या गाढवीस तीनदा मारले, कारण वाटेत उभा असलेला देवदूत तिला दिसत होता, त्याला दिसत नव्हता. आमच्या टांग्याच्या बाबतीत आंधळा कोण होता? टांगेवाला पोटासाठी मारीत होता. आम्ही तर डोळे असून गात होतो.

खेड्यातील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नाग, मण्यार, घोणस वा फुरसे चावले असता दवाखान्यात जे औषध टोचतात, ते घोड्याच्या रक्तापासून होते. घोड्यास विष थोडथोडे टोचतात. त्याच्या रक्तात उतारा तयार होतो. तो काढून शुद्ध करितात. आपल्या मंडळ्यांत शेतात साप चावूनही जगलेली माणसे आहेत. त्यांच्या घरच्या उपकारस्तुतीत त्या घोड्याची आठवण कधी निघाली आहे काय?

आता उसाचा हंगाम येईल. गाडीत दोन मोळ्या अधिक घातल्या तर पैसा अधिक मिळतो, हे आम्ही जाणतो. ज्याच्या डोक्यावर उचल आहे त्यास नुसता उपदेश करणे सोपे नाही. तरी उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, येत्या शब्बाथ दिवशी उपासनेस जाण्यापूर्वी गोठ्यांतून फिरून यावे. जुवाखालची जागा हाताने चाचपावी. खांदा सुजलेला आढळल्यास धन्याशी गोडीने बोलावे, हळद-तेल लावण्यास स्वतः हात द्यावा, आणि मोळ्या उतरवावयाच्या असतील तर त्याच्याबरोबर उतरवू लागावे.