चालत्या पाण्याचा तोल

डोळे उघडेच ठेवा. आजचे मनन पाहता पाहता करायचे आहे.

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या बंधाऱ्यांवरून फडाच्या शेतीला पाणी नेणारे पाट आहेत. तशाच एका मातीच्या पाटाकाठी मनाने बसा. पाट २ मीटर रुंद, पाणी अर्धा मीटर खोल आणि उतार हजाराला एक, असे धरू.

या पाण्याचा १ मीटर लांबीचा तुकडा नजरेत धरा. त्याचे वजन हजार किलो. त्यातला पुढे नेणारा वाटा किती? उतार हजाराला एक, म्हणून ओढही वजनाच्या हजाराव्या हिश्शाची, एका किलोची. एवढ्याशा ओढीवर टनभर पाणी चालते. इथे जरा थांबा. मला हे दर वेळी नव्याने थक्क करते.

मागचे पाणी या तुकड्याला पुढे रेटते, पुढचे पाणी मागे. खोली सारखी असल्याने हे रेटे फिटतात. ते सोडून देऊ.

पण ओढ सतत आहे, तर वेग वाढतच का जात नाही? नजर तळाशी न्या. मातीला लागलेला अगदी पातळ थर मातीला धरून असतो, तो हलत नाही. त्यावरचा किंचित सरकतो, त्याच्याही वरचा आणखी थोडा. काठाजवळही तसेच. म्हणून मध्यभागी पडलेले पान पुढे निघते, काठचे रेंगाळते. तळ आणि दोन्ही काठ मिळून ३ चौरस मीटर माती ओली आहे. तिचे सारे घर्षण किती? तेही एका किलोचे. बळांची बेरीज शून्य, आणि पाणी चालतेच आहे, सेकंदाला साधारण ६० सेंटीमीटर. सावकाश श्वास घ्या आणि हे शून्य पाहत राहा.

ईव्हेत नदीचे पाणी पॅरिसला आणायच्या कालव्याचा विचार करताना आंत्वान शेझी या फ्रेंच अभियंत्याने १८व्या शतकात हाच तोल मांडला. वेग दुप्पट झाला की घर्षण चौपट होते. पाणी जरा धावले की माती त्याला आवरते, रेंगाळले की उतार ओढून नेतो.

आता पाटात गवत माजले आहे असे समजा. मागून पाणी तेवढेच येते, पण चाल मंदावते, म्हणून पातळी चढू लागते. तुकड्याचे वजन वाढते, तशी ओढ वाढते, आणि तोल पुन्हा जुळतो, कधी काठावरून पाणी सांडण्याच्या बेताला येऊन. पाण्याची पाळी सुरू होण्याआधी पाट साफ करतात ते यासाठीच.