साता समुद्रांपलीकडचे घर

जळगाव किंवा धुळ्याच्या रेल्वे स्थानकावर, बसस्थानकाच्या आडोशाला बेवारस अर्भक सापडले, की बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. समिती मुलाला शिशुगृहाच्या हवाली करते आणि वृत्तपत्रात आवाहन छापून आणते. त्यात छोटा फोटो, मूल कुठे व कधी सापडले याची नोंद आणि आई-वडिलांनी पुराव्यानिशी पुढे यावे अशी विनंती असते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिने आणि त्याहून मोठ्यासाठी चार महिन्यांच्या आत ही चौकशी उरकायची असते. कोणीच आले नाही, तर मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळे होते.

धडधाकट तान्ह्या मुलासाठी यापुढे फारसे काही करावे लागत नाही. ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या यादीत नोंदवलेली जोडपी हजारोंच्या संख्येने वर्षानुवर्षे ताटकळत असतात. मात्र ज्याच्या वैद्यकीय अहवालात पाठीच्या मणक्याचा दोष, सेरेब्रल पाल्सी, ऐकू न येणे किंवा जन्मांधता लिहिलेली असते, त्या मुलापाशी ही रांग पांगते. एकीकडे पालकांची टंचाई नाही आणि दुसरीकडे मुलांना पालक नाहीत, हे कोडे या एका अहवालाने सुटते.

कायद्यालाही याची जाण आहे. अधिनियमाच्या ५९व्या कलमानुसार साठ दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तर मुलाला परदेशी कुटुंबात देता येते, आणि अशा वेळी शारीरिक-मानसिक अपंगत्व असलेली मुले, एकत्र द्यायची भावंडे व पाच वर्षांवरील मुले यांना प्राधान्य देण्याची मुभा त्यातच आहे. देशात ज्यांना घर मिळत नाही ती मुले कोणती, याची ही सरकारी कबुलीच म्हणायची. २०२४-२५ मध्ये देशात साडेचार हजारांच्या आसपास दत्तकविधाने झाली. त्यांतली परदेशी दत्तके जेमतेम साडेतीनशेच्या घरातली.

परदेशातून अपंग मूल मागणाऱ्यांत, विशेषतः अमेरिकेत, श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबांचा वाटा मोठा राहिला आहे. याची मुळे धर्मशिकवणीत आहेत. पौलाच्या पत्रांत श्रद्धावंताला देवाने दत्तक घेतलेले अपत्य मानले आहे, आणि याकोबाच्या पत्रात अनाथ-विधवांची काळजी हीच खरी धर्मनिष्ठा ठरवली आहे. १९५५ मध्ये ओरेगॉनमधील हॅरी आणि बर्था होल्ट या शेतकरी दांपत्याने कोरियन युद्धातली आठ मुले दत्तक घेतली, आणि त्यातून आंतरदेशीय दत्तकाची मोठी यंत्रणा उभी राहिली. आपल्याकडच्या दत्तकाचा जुना हेतू वेगळा होता. पिंडदान आणि वंशाचा दिवा यांसाठी दत्तक घेतला जाई. त्यातच जन्मांध किंवा मूकबधिर माणसाला जुन्या धर्मशास्त्राने वारसाहक्कच नाकारला होता. ती अट काढायला १९२८ चा कायदा यावा लागला. ज्याला वारसा मिळणार नाही त्याला वारस म्हणून घ्यायचे कशाला, हा हिशेब कायद्याच्या पुस्तकातून गेला, घरांतून पुरता गेलेला नाही.

गंमत अशी, की ज्या धर्माने दत्तक या कल्पनेला इतके मोठे स्थान दिले, त्या धर्माच्या भारतीय अनुयायांना दत्तकाचा स्वतःचा कायदा नव्हता. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता. ख्रिस्ती जोडप्याला १८९० च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळे. मूल सज्ञान झाले की ते संपे आणि वारसाहक्क आपोआप येत नसे. पुढे मुंबई उच्च न्यायालयात न्या. रिबेलो यांनी एका ख्रिस्ती दांपत्याच्या अर्जावर, मुलाला कुटुंब मिळणे हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. बाल न्याय कायद्यात २००६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दत्तकाचा मार्ग सर्व धर्मांना खुला झाला, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

मराठी मुलुखात ख्रिस्ती आस्थेने नकोशा मुलांना घर देण्याची परंपरा मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १८९६ नंतरच्या दुष्काळांत आलेल्या मुलींत अंध मुलीही होत्या. त्यांच्यासाठी बार्तीमी सदन उभे राहिले आणि रमाबाईंची मुलगी मनोरमा त्यांना ब्रेल शिकवू लागली.

परदेशी कुटुंबाच्या पदरात मूल घालताना श्रद्धेवर भिस्त ठेवून चालत नाही. परदेशी दत्तकांबाबतच्या १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. भगवती यांनी घालून दिलेल्या नियमांचा रोख मुलांच्या खरेदी-विक्रीच्या भीतीवरच होता. आज परदेशी संस्थेकडून कुटुंबाची गृहचौकशी होते, ‘कारा’चा ना-हरकत दाखला लागतो, २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी दत्तक आदेश देतात, आणि मूल गेल्यावरही दोन वर्षे प्रगती अहवाल यावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. एवढे असूनही बिहारहून टेक्सासला गेलेली एक तीन वर्षांची मुलगी २०१७ मध्ये दगावली आणि दत्तक वडिलांना जन्मठेप झाली. ते कुटुंबही ख्रिस्ती, भारतीय वंशाचे होते. त्या घटनेनंतर दिल्लीत नियमांची फेरतपासणी झाली. ‘चांगल्या घरचे’ या शिफारशीवर चौकशी सैल करणे किती महागात पडते, याला दुसऱ्या दाखल्याची गरज नाही.

शिवाय हा मार्ग आक्रसत चालला आहे. अमेरिकेत २००४ मध्ये बावीस हजारांवर परदेशी मुले दत्तक गेली होती. २०२३ मध्ये हा आकडा तेराशेच्याही आत आला. चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तक जवळपास बंदच केले. आणखी एक गोष्ट, अमेरिकेतल्या अपंग मुलाला शाळेत मिळणारी थेरपी, विमा, व्हीलचेअर जाईल असे रस्ते हे सगळे श्रद्धेच्या जोडीला असते. त्या कुटुंबांच्या औदार्याची तुलना धुळ्याच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या जोडप्याशी करणे त्यामुळे अन्यायाचे ठरते.

तरीही परदेशी गेलेल्यांहून मागे राहिलेल्यांची संख्या मोठी असते. त्यांतली एक माला. पंचवीसेक वर्षांपूर्वी जळगाव रेल्वे स्थानकाजवळ कचराकुंडीत ती जन्मांध मुलगी सापडली. तिला अमरावती जिल्ह्यातील वझ्झरला, शंकरबाबा पापळकरांच्या बालगृहात पाठवण्यात आले. शंकरबाबांनी सव्वाशेच्या आसपास अपंग बेवारस मुलांना आपले आडनाव लावले आहे. कायद्याच्या भाषेत हे दत्तक नव्हे. मालाच्या कागदोपत्री वडील मात्र तेच. पदवीनंतर स्पर्धा परीक्षेची तयारी करून ती २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची लिपिक परीक्षा उत्तीर्ण झाली. जिथे ती टाकली गेली, त्याच जळगावात आज दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात अंध, अपंग आणि अनाथ तरुण राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात.

वझ्झरपुढे उभा असलेला प्रश्न वयाचा आहे. कायद्याने बालगृहातला मुक्काम अठराव्या वर्षी संपतो. पुढची अनुरक्षण योजना एकवीसपर्यंत, अपवाद म्हणून तेवीसपर्यंत. गतिमंद किंवा बहुविकलांग तरुणाला त्या वयात बाहेर काढले, तर तो पुन्हा रस्त्यावरच येतो. अशा मुलांना आयुष्यभर तिथेच राहू द्यावे, यासाठी कायदा बदलण्याची मागणी शंकरबाबा वर्षानुवर्षे करीत आले आहेत. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मागणी अजून पुरी झालेली नाही.