न चाखता दाखवलेला नैवेद्य

आजचा श्लोक गीतेच्या नवव्या अध्यायातला २६ वा. पान, फूल, फळ, पाणी, जे कोणी भक्तीने देईल ते मी खातो, असं भगवंत सांगतात. एवढ्याशा श्लोकात ‘भक्ती’ हा शब्द दोनदा येतो. हा श्लोक वाचला की मला निनाव आठवतं.

निनाव हे आम्हा सीकेपी मंडळींचं श्रावणाच्या शेवटच्या दिवशीचं पक्वान्न. डाळीचं पीठ आणि कणीक तुपात भाजायची, गूळ आणि नारळाचं दूध घालून घट्ट होईपर्यंत ढवळायचं, जायफळ-वेलची घालायची आणि मग वर-खाली विस्तव ठेवून भाजायचं. आजी गिरगावच्या चाळीत कोळशाच्या शेगडीवर करायची, झाकणावर निखारे ठेवून. तिने कृती कुठे लिहून ठेवली नाही. “ये, बघ कसं करतात,” म्हणायची, तेव्हा मला वेळ नसायचा. आता ती नाही.

गेली तीन वर्षं माझे प्रयोग चालू आहेत. ओव्हन १८० डिग्रीवर, गूळ वजनकाट्यावर, नोंदी एक्सेलमध्ये. दर खेपेला चमचाभर चाखायचं आणि म्हणायचं, नाही, आजीसारखं नाही.

यंदा आई म्हणाली, “अरे, सारखा चाखतोस काय? सासूबाई नैवेद्याआधी कधी जिभेवर ठेवायच्या नाहीत.”

मी थांबलोच. म्हणजे जी चव मी शोधतोय, ती करताना आजीलाही माहीत नसायची! ती वासावरून, रंगावरून ओळखायची. मी मात्र नैवेद्य म्हणत स्वतःसाठीच करत होतो. तिला वेळ दिला नाही, त्याची भरपाई चवीत शोधत होतो.

मग भाव असला की कसंही केलं तरी चालतं का? मला नाही वाटत. पीठ कच्चं ठेवायचं आणि ‘देव भावाचा भुकेला’ म्हणायचं, हा आळस झाला. आजी मंद आचेवर न कंटाळता पीठ भाजायची. तिची भक्ती त्या भाजण्यात होती. नीट भाजणं आपलं काम. ते कसं लागतं हे आधी आपण ठरवायचं नाही, कारण ते आधी आपल्यासाठी नाहीच.

श्रावण संपला त्या दिवशी मी न चाखता नैवेद्य दाखवला. मग सगळ्यांनी खाल्लं. कडेने जरा करपलं होतं, गूळही कमी पडला होता. आजीसारखं नव्हतंच. पण पहिल्यांदाच मी ते एक्सेलमध्ये लिहिलं नाही.

ज्यांची आजी अजून स्वयंपाकघरात आहे, त्यांनी आज पंधरा मिनिटं ओट्यापाशी उभं राहावं. तीही पूजाच आहे.

उद्या श्लोक २७. जय श्रीकृष्ण.