राखीव कुरण कोणासाठी?

सफारी हा शब्द आपल्याला परका नाही. अरबीतला ‘सफर’ स्वाहिलीत गेला आणि ‘सफारी’ झाला. टांझानियात कोणी बसने मावशीच्या गावी निघाला तरी तो सफारीलाच निघालेला असतो. गोऱ्या साहेबांनी या शब्दाला बंदूक चिकटवली. पुढे बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. आम्ही चौघे अर्थात कॅमेरावाले.

अरुषाहून सेरेंगेटीला जाणारा रस्ता न्गोरोंगोरोच्या मुलखातून जातो. तिथे लाल शुका पांघरलेले मासाई गुराखी दिसतात. त्यांच्या गाई-मेंढ्या आणि रानातले झेब्रे जवळजवळ एकाच गवतावर चरत असतात. नाबी टेकडीचे फाटक ओलांडले की गुरेही संपतात आणि गुराखीही. पुढे १४,७६३ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान. नेमून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही. म्हणून जोहरची नमाज आम्ही फाटकापाशीच, मुसाफिराची कसर करून, अदा केली. आमचा ड्रायव्हर किनारपट्टीवरचा. तोही शेजारी उभा राहिला.

विल्डबीस्टचे कळप पाहिले तेव्हा बराच वेळ आम्ही कोणी बोललो नाही. दरवर्षी सुमारे तेरा लाख जनावरे पावसामागे फिरत केनियाच्या मासाई मारापर्यंत जातात आणि परततात. पशुपक्षी हेही माणसांसारखे समुदाय आहेत, असे सूरह अनआममध्ये आले आहे. तिथे त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पण ते निर्मनुष्य मैदान निसर्गाने घडवलेले नाही. १९५१ साली उद्यान झाले, तेव्हा मासाई तिथेच गुरे चारीत होते. १९५८ साली ब्रिटिश अमलात त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून सेरेंगेटी सोडल्याचा करार करून घेतला गेला आणि पुढच्या वर्षी त्यांना न्गोरोंगोरोकडे हलवण्यात आले. त्याच १९५९ साली जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्झिमेक यांचा सेरेंगेटीवरचा चित्रपट जगभर गाजला. राष्ट्रीय उद्यानात माणूस राहता कामा नये, मग तो तिथला मूळ रहिवासी का असेना, असे त्यांचे मत होते. हे मत बनवणाऱ्याने या भूमीसाठी आपला मुलगा गमावला होता. चित्रीकरणाच्या काळातच मिखाएलचे विमान कोसळले. त्याची कबर न्गोरोंगोरोच्या कड्यावर आहे. त्यांच्या तळमळीविषयी आम्हाला शंका नाही. तळमळ खरी असली म्हणजे निवाडा खरा असतोच, असे मात्र नाही.

बुळकांडीची गोष्ट पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या रोगाने मासाईंची गुरे मारली आणि रानातले विल्डबीस्टही. पुढे उद्यानाभोवतालच्या पाळीव गुरांना लस टोचली गेली, तेव्हा रानातली बुळकांडी हटली आणि १९६०च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट वीस वर्षांच्या आत तेरा लाखांवर गेले. ज्या गाईला फाटकाबाहेर ठेवले, तिच्या निरोगीपणावर आतली दौलत उभी आहे!

सरकारची बाजूही पोकळ नाही. न्गोरोंगोरोत १९५९ साली आठ हजारांच्या आसपास माणसे होती, ती आता लाखाच्या घरात गेली आहेत. गवत तेवढेच आहे. पण त्यावर काढलेला तोडगा असा की २०२२पासून त्या कुटुंबांना शेकडो किलोमीटर दूर, हांदेनीकडे हलवणे सुरू झाले. त्याच वर्षी जूनमध्ये शेजारच्या लोलिओंडोत १,५०० चौरस किलोमीटर चराऊ जमीन राखीव करण्यासाठी खांब रोवले गेले. गोळ्या झाडल्या गेल्या, बाण सुटले, एक पोलीस मेला आणि अनेक मासाई जखमी होऊन केनियात पळाले. लोलिओंडोत १९९२पासून शिकारीचा परवाना अमिरातीशी संबंधित एका कंपनीकडे आहे. म्हणजे हा केवळ गोऱ्यांचा दोष म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत.

आपल्याकडे राखीव कुरणाची कल्पना नवी नाही. तिला ‘हिमा’ म्हणतात. हजरत उमर (र.) यांनी हुनय्य नावाच्या मुक्त गुलामाला हिमावर नेमले, त्याची हकीकत सहीह बुखारीत आहे. थोडे उंट, थोड्या मेंढ्या असलेल्याला आत येऊ दे, पण इब्ने औफ आणि इब्ने अफ्फान यांच्या जनावरांना आवर, असे त्याला बजावले होते. दोघेही थोर सहाबी, पण धनवान. त्यांची जनावरे मेली तरी खजुराच्या बागा होत्या. गरिबाची मेली तर तो लेकरे घेऊन खलिफाच्याच दारात येणार होता. सेरेंगेटीत हिशेब उलटा आहे. परदेशी पाहुणा दिवसाला ७० डॉलरहून अधिक भरतो आणि फाटक उघडते. चार गाईंचा धनी बाहेर. त्या पैशांतून रखवालदारांचे पगार होतात, चोरटी शिकार रोखली जाते, हे आम्हाला मान्य आहे. आम्हीही ते पैसे भरले, आणि पुन्हा गेलो तर पुन्हा भरू. पण फाटकावर गरिबाची बाजू घेणारा हुनय्य कोण, हे कोणी सांगू शकले नाही.

त्या हकीकतीत आणखी एक गोष्ट आहे. जमीन या लोकांचीच आहे, तिच्यासाठी ते लढले आहेत, मी त्यांच्यावर जुलूम केला असे त्यांना वाटत असणार, हेही खलिफांनी त्याच वेळी बोलून दाखवले. जिहादच्या जनावरांची गरज नसती तर वीतभर जमीनही घेतली नसती, असे ते म्हणाले. लोलिओंडोत खांब रोवताना अशी कबुली कोणी दिल्याचे आमच्या वाचनात आलेले नाही.