आजारी आईवडिलांचे मौन

आपल्या घरांत एक समज खोलवर रुजलेला आहे. आईला किंवा वडिलांना मोठा आजार जडला की तो मुलांपासून लपवायचा. तपासणीचे कागद कपाटात कपड्यांखाली जातात, डॉक्टरांचा विषय दार लोटून निघतो, आणि भेटायला आलेली शेजारीण बोलू लागली की तिला डोळ्यांनी खुणावले जाते. या लपवण्याला आपण सब्र म्हणतो. ते खरोखर सब्र आहे काय? प्रश्न केवळ शब्दाचा नाही. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून साधारण ३ वेळा, दर वेळी सुमारे ४ तास डायलिसिसच्या यंत्रापाशी काढावे लागतात. मूत्रपिंडाचे रोपण झाले नाही तर हा क्रम अखेरपर्यंत सुटत नाही. अशा आईची मुले याच वर्षांत बालवाडीतून दहावीपर्यंत पोहोचतात. इतकी वर्षे घरात एक गोष्ट न बोलता काढायची, म्हणजे मुलांचे सारे बालपणच त्या मौनात जायचे.

पवित्र कुरआनात सब्राचे उदाहरण म्हणून ह. अय्यूब (अ.स.) यांचे नाव येते. सूरह अल्-अंबियामध्ये ते आपल्या पालनकर्त्यासमोर आपली व्यथा उघडपणे मांडतात, आणि सूरह सॉदमध्ये अल्लाह त्यांना धैर्यशील म्हणून गौरवतो. ह. याकूब (अ.स.) यांचे डोळे पुत्रवियोगाच्या दुःखाने पांढरे झाले. त्यांच्या मुलांनी ते पाहिले, त्यावरून वडिलांना बोलही लावले. आपले दुःख मी अल्लाहपाशीच मांडतो, हे उत्तर त्यांनी त्या मुलांनाच दिले. प्रेषित मुहम्मद (स.) यांना ताप चढला असता ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी त्याची तीव्रता बोलून दाखवली, तेव्हा दोन माणसांना मिळून यावा इतका ताप मला येतो, असे प्रेषितांनी (स.) सरळ सांगितले. वेदना आहे असे म्हणण्याने सब्र मोडत नाही. अल्लाहच्या निर्णयाविरुद्ध गाऱ्हाणे करणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि आपण या दोन्हींची गल्लत करतो.

प्रेषितांच्या (स.) अखेरच्या आजारातील एक प्रसंग ह. आयशा (रजि.) यांनी सांगितला आहे. तो बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ह. फातिमा (रजि.) भेटायला आल्या. वडिलांनी त्यांचे स्वागत केले, शेजारी बसवले आणि कानात काही सांगितले. त्या रडू लागल्या. मग पुन्हा काही सांगितले, तेव्हा त्या हसल्या. काय सांगितले असे ह. आयशा (रजि.) यांनी विचारले, पण प्रेषितांचे (स.) गुपित त्यांनी फोडले नाही. प्रेषितांच्या (स.) निधनानंतर मात्र त्यांनी उलगडा केला. जिब्रील (अ.स.) दरवर्षी एकदा कुरआनची उजळणी करून घेत, या वर्षी ती दोनदा झाली, त्यावरून माझी वेळ जवळ आली आहे असे वाटते, हे ते पहिले बोलणे होते. दुसऱ्या वेळी काय सांगितले याविषयी रिवायती वेगवेगळ्या आहेत. एका रिवायतीनुसार, कुटुंबीयांपैकी सर्वांत आधी तूच मला येऊन मिळशील, असे ते सांगणे होते.

पित्याने कन्येला मृत्यूची वार्ता स्वतःच्या तोंडून दिली. तिला रडू दिले आणि नंतर दिलासा दिला. दिलासा आधी देऊन सत्य मागे ठेवले नाही. आणि जिच्यावर एवढा विश्वास टाकला, तिने ती अमानत सांभाळली.

मात्र या प्रसंगाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हे सांगणे कानात होते, भर मजलिशीत नव्हते. ह. फातिमा (रजि.) प्रौढ होत्या, स्वतः आई होत्या. म्हणून पाच वर्षांच्या मुलापुढे डॉक्टरांचा सगळा अंदाज मांडावा, असा निष्कर्ष यातून काढता येणार नाही. पण त्यालाही त्याच्या वयाचे सत्य हवे असते. डायलिसिससाठी हातातील धमनी शिरेला जोडून फिस्टुला तयार करतात. त्यावर अलगद बोट ठेवले तर आतले रक्त थरथरताना जाणवते. या हातातून अम्मीचे रक्त यंत्रात जाते आणि स्वच्छ होऊन परत येते, म्हणून या हातावर डोके ठेवून झोपायचे नाही, एवढे लहान मुलाला सहज समजते. काहीच सांगितले नाही तर मूल स्वतःच कारण शोधते, आणि बहुधा ते कारण त्याला स्वतःतच सापडते: मी हट्ट केला म्हणून अम्मी आजारी पडली.

धार्मिक बोलण्यातही सावधपणा हवा. आजाराने गुनाह झडतात ही हदीस सत्य आहे आणि रुग्णाला तिच्याएवढा आधार क्वचितच दुसरा असेल. पण तीच गोष्ट सांत्वनाला आलेल्यांनी मुलासमोर अर्धवट उच्चारली, तर आपल्या आईने काय गुनाह केला असेल, याचा ते रात्रभर विचार करते. तसेच, 'तू दुआ कर, अब्बा नक्की बरे होतील,' हे वचन कोणी देऊ नये. दुआ जरूर शिकवावी. परंतु प्रेषितांच्या (स.) अंतिम आजारात ह. आयशा (रजि.) स्वतः आश्रयाच्या सूरहा पठण करून त्यांचाच पवित्र हात त्यांच्या शरीरावरून फिरवीत, आणि तरीही जे ठरले होते ते झाले. त्या दुआत काही उणीव होती असे कोण म्हणेल? वडील गेल्यावर आपलीच दुआ कमी पडली, हे ओझे कोणत्याही मुलाच्या वाट्याला येता कामा नये.

रमजानमध्ये हा विषय टाळताच येत नाही. ज्या रुग्णाला रोजा झेपत नाही आणि बरे होण्याची आशाही नाही, त्याच्यासाठी फिदया आहे. ही सवलत अल्लाहने दिलेली आहे. स्वयंपाकघराच्या दाराआड लपून घास खाणारी आई मुलांना ती लाजेची बाब आहे असे शिकवते. त्यापेक्षा तिने मुलांसमोर जेवावे आणि फिदयाचे अन्न त्यांच्याच हाती गरजूंकडे पाठवावे.

सेवेविषयीही बोलले पाहिजे. आईला औषधाची वेळ सांगणे, पाण्याचे मोजके माप लक्षात ठेवणे, ही मुलांची उत्तम तरबियत आहे. पण आई आजारी म्हणून थोरल्या मुलीची शाळा सोडवणे आणि तिच्या भावाने आयते ताट मागणे, हा अन्याय आहे, मग त्याला खिदमत म्हणा वा आणखी काही. प्रेषित (स.) घरात असताना घरच्यांच्या कामात हात लावीत, हे मुलग्यांनाही ठाऊक असावे.

राहिला सर्वांत अवघड विषय. आपल्यामागे मुले कोणाकडे राहतील, शिक्षणाचे काय, देणी कोणती. मृत्युपत्राचा विषय काढला की आपल्याकडे 'असे अभद्र बोलू नका' म्हणून तोंड बंद केले जाते. सूरह निसामध्ये मागे दुर्बळ लेकरे सोडून जाणाऱ्यांची चिंता आठवून सरळ बोलण्याची आज्ञा आहे. निरोपाच्या हजच्या वेळी ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) गंभीर आजारी पडले. तेव्हा त्यांना एकच मुलगी होती. त्यांनी बरीचशी संपत्ती दान करण्याची इच्छा व्यक्त केली. प्रेषितांनी (स.) त्यांना एक तृतीयांशावर थांबवले आणि तेही पुष्कळ आहे असे म्हटले, कारण वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा सुस्थितीत ठेवून जाणे चांगले. वसियतीचे हे सारे बोलणे आजाऱ्याच्या बिछान्यापाशी झाले. ह. सअद (रजि.) त्या आजारातून उठले, पुढे कादिसियाच्या लढाईत सेनापती झाले, आणि त्यांना आणखीही मुले झाली.